अ‍ॅम्बेसेडर मार्क २: टाकीचा फिलर पाइप बदलायचाय, डिकीत पेट्रोलचा वास मारतोय

केळीबाग_७२ (रावेर)

नमस्कार मंडळी, आजोबांची १९७२ ची अ‍ॅम्बेसेडर आहे, मार्क २, पेट्रोल, तेच जुनं १४८९ सीसीचं इंजिन. बरीच वर्षं शेडमध्ये केळीच्या क्रेटांच्या मागे पडून होती, दिवाळीत बाहेर काढली, कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलले, आणि चालू झाली की राव! पण आता एक कटकट मागे लागलीय. टाकी अर्ध्याच्या वर भरली की डिकीत पेट्रोलचा वास येतो, सावद्यापर्यंत जाऊन आलो तरी बायको म्हणते साडीला वास लागला. पंपावर वेगळीच गंमत, पोरगा नोझल लावतो आणि दोन-तीन लिटरला खटकन बंद, परत दाबलं की उलटी गुळणी मारते, फेंडरचा रंग गेला तिथला.

खाली आडवा होऊन बघितलं तर फिलर पाइपला (झाकणापासून टाकीपर्यंत पेट्रोल नेणारा) वाकाजवळ गंज आहे आणि कोणीतरी कधीकाळी त्यावर ते दोन रंगाचं मळून लावतात ते सीलंट थापलंय. पाइप आणि टाकी यांच्यातला रबरी होज दगड झालाय, नख रुतत नाही. टाकीसुद्धा मधे कधीतरी बदललेली आहे म्हणतात, त्यामुळे मूळचं काय आणि जुगाड काय हे आता सांगता येणार नाही. नवीन फिलर पाइप मागवला, आलाय, पण वाक जरासा वेगळा वाटतो.

विचारायचं असं की १) टाकी पूर्ण उतरवावी लागेल का, २) इथला एक मिस्त्री म्हणतो रेडिएटरचा होज कापून लावतो, काही होत नाही, ३) दुसरा म्हणतो होजची भानगडच नको, नवा पाइप टाकीच्या तोंडाला गॅसने जोडून टाकतो कायमचा. आणि एक बारीक नळी पाइपच्या बाजूला लोंबकळतेय, तिचं दुसरं टोक कुठेच जोडलेलं नाही, ती कशाची?

धुळेकर_गॅरेज

त्या गॅसवाल्या दुसऱ्या मिस्त्रीला आधी घरी पाठव भाऊ. चहा पाज, पण घरी पाठव.

गंमत नाही करत. टाकी रिकामी आहे, काय होतंय, असं म्हणून वेल्डिंग करणारे मी बघितलेत. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त वाईट, कारण पेट्रोल पेटत नाही, त्याची वाफ पेटते, आणि वाफ-हवा मिसळायला रिकामी टाकी म्हणजे मोकळं घरच. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत असली की ठिणगी पुरते. टाकी धुऊन उन्हात वाळवली तरी शिवणीत आणि गंजात पेट्रोल मुरलेलं असतं, गरम झालं की परत वाफ सुटते. टाकीचं वेल्डिंग करणारे वेगळे लोक असतात, ते आधी वाफेने धुतात, पाणी भरतात, मग हात लावतात. तुला तर टाकी फुटलेलीच नाही, मग विस्तव तिच्याजवळ न्यायचाच कशाला?

आणि होज काही कंपनीने हौसेने नाही दिलेला. टाकी एका जागी बसलेली, फेंडर वेगळा हलतो, आपले रस्ते तुला माहीतच आहेत, दोन्ही लोखंडं एकमेकांना घट्ट जोडली तर सहा महिन्यात शिवण उकलते.

अमळनेरी

भाऊ कसाले इतला उपद्व्याप करस, अर्धीच टाकी भर नि चालव 😄

केळीबाग_७२ (रावेर)

आजोबापण तेच म्हणतात 😄 पण वास काय अर्ध्यावर थांबत नाही.

लोकोशेड_निवृत्त (भुसावळ)

बेटा, ती लोंबकळणारी बारीक नळीच तुझं अर्धं दुखणं आहे. ती हवेची नळी, ब्रीदर म्हणतात. टाकीच्या माथ्यावरून निघते आणि फिलर पाइपच्या वरच्या भागाला येऊन मिळते. पेट्रोल आत जाताना आतली हवा बाहेर यायला वाट पाहिजे ना, ती वाट ही. ती बंद असली किंवा निघालेली असली की हवा त्याच जाड पाइपातून उलटी वर येते, पेट्रोल गळ्याशी तुंबतं. आणि पंपाच्या नोझलच्या टोकाला एक बारकं भोक असतं, ते पेट्रोलात बुडालं की नोझल आपोआप बंद होतं. म्हणून खटकन. पोराची चूक नाही त्यात. आणि तिचं टोक टाकीकडून उघडं असेल तर वाफ सरळ डिकीखाली सुटतेय, तोच वास.

नळी बसवताना मधे झोल पडू देऊ नकोस, टाकीपासून वर चढतीच गेली पाहिजे. खाली पोट आलं की त्यात पेट्रोल साचून बसतं आणि नळी असून नसल्यासारखी. मी स्वतः ही चूक केलेली आहे, नवी नळी लावून आठवडाभर नोझलला शिव्या देत होतो.

आता काम कसं करायचं ते सांगतो, घाई करू नकोस. टाकी आधी रिकामी कर, पण नळी तोंडाने ओढू नकोस, हातपंप दहा वीस रुपयाला नाही पण स्वस्तच मिळतो, पेट्रोल फुफ्फुसात गेलं तर दवाखाना आहे. बॅटरीची निगेटिव्ह काढ. काम उघड्यावर कर, गॅरेजच्या पिटमध्ये तर अजिबात नाही, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती खड्ड्यात जाऊन बसते आणि तू पण तिथेच. बिडीवाला माणूस मदतीला घेऊ नकोस.

जुना होज ओढत बसू नकोस, ब्लेडने लांबीत चिरून काढ, टाकीचं तोंड वाकलं तर मग खरंच वेल्डिंगवाला शोधावा लागेल. तोंडात चिंधी कोंब म्हणजे गंजाचे पापुद्रे आत पडणार नाहीत, आणि चिंधीचं एक टोक हातभर बाहेर ठेव. हे का सांगतोय ते विचारू नकोस.

मग जोडणी. इथेच सगळे फसतात. नवा पाइप हातात घेतला की आधी त्याच्यावर बॉडीच्या भोकाची रबरी रिंग चढव, मग दोन्ही क्लिपा होजवर ढिल्या सरकवून ठेव, मग होज टाकीच्या तोंडावर, मग पाइप होजमध्ये. सगळं ढिलं. वरचं तोंड फेंडरला नीट बसलं, झाकण लागलं, पाइप कुठे घासत नाही हे बघितलं की मगच क्लिपा आवळ. लोक खालची क्लिप आधी आवळतात आणि मग वरचं तोंड ओढूनताणून बसवतात, तो ताण होजवर कायम राहतो. रबर चढत नसेल तर साबणाचं पाणी लाव, ग्रीस नको. क्लिप पाइपच्या कडेच्या उभारीच्या मागे बसली पाहिजे, उभारीवर नाही. आणि आवळताना जोर दाखवू नकोस, पट्टी रबरात रुतली की रबर कापतं.

चाळीसगाव_एक्स्प्रेस

चिंधीचं का ते मी विचारतो काका 🙂

लोकोशेड_निवृत्त (भुसावळ)

जीप होती एकाची. चिंधी आत गेली. चालू व्हायची, पाच-सात किलोमीटरवर बंद पडायची, दहा मिनिटं थांबलं की परत चालू. चिंधी टाकीतल्या पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला चिकटायची, इंजिन बंद झालं की सुटायची. कार्बोरेटर तीनदा उघडला, पंप बदलला. इतकं पुरे.

जळगाव_एमआयडीसी

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, रबरात काम करतो म्हणून. रेडिएटरचा होज नको. तो साधारण ईपीडीएम रबराचा असतो, गरम पाण्याला आणि कूलंटला एक नंबर, पण पेट्रोलात फुगतो आणि मऊ पडतो, महिन्या-दोन महिन्यात क्लिपेतून सरकायला लागेल. निळे चकचकीत सिलिकॉनचे होज मिळतात, दिसायला झकास, पण सिलिकॉनमधून पेट्रोलची वाफ पाझरते, तुझा वास जाणार नाही. तुला नायट्रिल पाहिजे, एनबीआर म्हणून माग, फिलर होज म्हणूनच माग. आणि आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोलच मिळतं, जुन्या गाडीचं रबर त्या हिशोबाने कधी बनलंच नव्हतं. म्हणून मिळालं तर आतून एफकेएम रबराचा थर असलेला घे, त्याला इथेनॉलचं फारसं काही होत नाही. महाग पडतो पण वीतभर तर लागतोय. इथेनॉल पाणी ओढतं, गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणार असशील तर टाकीच्या तळाला गंज धरणार, ते पण मनात ठेव.

माप डोळ्याने घेऊ नकोस, कॅलिपर लाव. गाडीचं मूळ मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३, म्हणजे इंचातला कारभार, आणि आता बनणारे पाइप कुणी मिलिमीटरच्या नळीतून वाकवतं. दोन इंच म्हणजे ५०.८ मिमी, कागदावर फरक दिसत नाही, होज चढवताना घाम काढतो.

आणि हो, जळगावात पाइपांना तोटा नाही म्हणून कोणी पीव्हीसीचा सल्ला देईल, नाहीतर ब्रीदरला ठिबकची नळी लावून देईल. मी बघितलीय तशी गाडी. ठिबक केळीला राहू दे.

केळीबाग_७२ (रावेर)

मोजलं. टाकीचं तोंड आणि नवा पाइप यांत जवळजवळ दीड मिमीचा फरक आहे, नवा पाइप बारीक. जुन्या पाइपाशेजारी नवा ठेवला तर वाक पण बोटभर कमी पडतो. परत पाठवू का?

जळगाव_एमआयडीसी

दीड मिमी होज खाऊन टाकतो, टाकीच्या मापाचा होज घे आणि बारीक बाजूला चांगली रुंद पट्टीची क्लिप लाव. क्लिप आवळून बारीक करायचं म्हणून दोन-दोन चढवू नकोस मात्र, सुरकुती पडते आणि तिथूनच झिरपतं. वाकाचं तूच बघ, होज थोडा लांब ठेवून भागत असेल तर ठीक, मुरगळत असेल तर पाठव परत.

धुळेकर_गॅरेज

टाकी पूर्ण उतरवायची गरज नाही पण थोडी खाली घे, जॅकवर फळी ठेवून. वरून डिकीतूनच हात घालून करता येतं असं सांगणारे भेटतील, येतं पण खालची क्लिप आंधळ्यासारखी आवळावी लागते.

चाळीसगाव_एक्स्प्रेस

मी डिकीतूनच केलंय आणि चार वर्षं झाली, थेंब नाही. टाकी खाली घेतली की जुने बोल्ट तुटतात, मग ते एक नवीन काम.

धुळेकर_गॅरेज

तुझा हात बारीक असेल 😄 बोल्टांना आदल्या रात्री गंजाचं तेल मार, नाही तुटत.

केळीबाग_७२ (रावेर)

झालं मंडळी. दोन रविवार गेले. टाकी चार बोटं खाली घेतली, एक बोल्ट तुटलाच (चाळीसगाववाले, हसू नका). नवा पाइप परत न पाठवता होज थोडा लांब ठेवला, मुरगळत नाहीये. बॉडीच्या भोकाची जुनी रबरी रिंग हातात घेतली तर तुकडे झाले, खरं तर निम्मा वास तिथूनच आत येत असणार. ब्रीदरची नळी नवी टाकली, चढती, झोल नाही. पंपावर काल नोझल एकदाही खटकलं नाही, पोरगाच म्हणाला काका बदललं काय काहीतरी.

पण आता पेट्रोलचा काटा मेलाय. काम करायच्या आधी चालत होता. वायर तर मी काढलीच नव्हती, मग?

लोकोशेड_निवृत्त (भुसावळ)

काट्याला माप देणाऱ्या टाकीतल्या फ्लोटला अर्थिंग टाकीच्या अंगातून मिळते. तू टाकी खाली घेतलीस, गंज घासला, नवे वायसर टाकलेस, मधे रंग मारला असशील.

केळीबाग_७२ (रावेर)

मारला 🙈 काळा, दोन हात.

लोकोशेड_निवृत्त (भुसावळ)

मग झालं. एका बोल्टाखालचा रंग खरवडून टाकीपासून चॅसिसला एक जाड वायर टाक. आणि तशीच एक फिलर पाइपच्या तोंडापासून बॉडीला. रबराचा होज वीज अडवतो, खालून टाकी वेगळी आणि रबरी रिंगेत पाइप वेगळा, पेट्रोल भरताना स्थिर वीज त्या पाइपावर साचून बसते. तिला जायला वाट ठेव. हे मी आधीच सांगायला पाहिजे होतं, वय झालं.

वायरचं काम टाकी उघडी असताना करू नकोस, झाकण लावून, बॅटरी काढून.

जळगाव_एमआयडीसी

एक राहिलं, तपासलंस का कसं? नुसता वास गेला म्हणजे गळत नाही असं नाही. सांध्यावर खडू फासून ठेव, पांढरा, शाळेतला. पूर्ण भरून गाडी चढावर नाक वर करून रात्रभर उभी कर, म्हणजे पेट्रोल मागच्या बाजूला दाबतं. सकाळी खडू ओला किंवा पिवळा दिसला तर क्लिप. आणि बघायला एलईडीची बॅटरी ने, हॅलोजनचा लोंबता बल्ब नको.

आणि मे महिन्यात गळ्यापर्यंत भरत जाऊ नकोस. पेट्रोल दर दहा डिग्रीला साधारण एक टक्का फुगतं. पंपाची टाकी जमिनीत, तिथलं पेट्रोल थंड, आपल्याकडे दुपारी गाडी उन्हात उभी, पन्नास लिटर असेल आणि पंधरा डिग्री वाढली तरी पाऊण लिटर जास्तीचं झालं, ते जाणार कुठे, फिलर पाइपातच चढणार.

केळीबाग_७२ (रावेर)

खडू लावून पालच्या रस्त्याला चढावर रात्रभर ठेवली, आजोबा पण टॉर्च घेऊन आले होते बघायला. कोरडा. दोन्ही वायरी टाकल्या, काटा उठला. पाऊण टाकी दाखवतोय, भरलंय अर्धं. आजोबा म्हणतात तो पहिल्यापासून तसाच आहे, त्याला हात लावू नको.

अमळनेरी

म्हनूनच सांगी राह्यनू व्हतू, अर्धीच भर 😄

धुळेकर_गॅरेज

जुना पाइप भंगारात देऊ नकोस रे, गंजलेला असला तरी वाक मूळचा आहे, पुढच्या वेळी नळी वाकवून घ्यायची तर नमुना लागेल. माझा मी दिला होता, किलोच्या भावाने.

केळीबाग_७२ (रावेर)

शेडमध्ये टांगून ठेवलाय, क्रेटांच्या वर.