सोनेरी रंगाखाली अस्तर कोणतं द्यावं? किल्ल्यावरच्या चित्रांसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

यंदा आमच्या सोसायटीतल्या मुलांनी दिवाळीच्या किल्ल्यासाठी रायगड घेतलाय. नुसते बुरूज-तटबंदी नाही, राज्याभिषेकाचा दरबार मांडायचा आहे. माती, दगड, पोती हे सगळं मुलं बघताहेत, चित्रं, म्हणजे किल्ल्यावर मांडायच्या छोट्या मूर्ती, रंगवायचं काम माझ्याकडे आलंय. बाकी रंग जमतात, पण सोनेरीखाली कोणत्या रंगाचा हात द्यायचा यावर माझं काही ठरत नाहीये.

आधी सामान सांगते. महाराज आणि सिंहासन कसब्यातल्या कुंभारवाड्यातून न रंगवलेलं, भाजलेल्या मातीचं आणलंय, साधारण चार इंचांचं. अष्टप्रधान, चोपदार वगैरे मंडळी भाच्याने रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट करून दिलीत, ७५ मिलिमीटरची. म्हणजे एकाच दरबारात दोन वेगळे पृष्ठभाग. एक पाणी पिणारा, एक काचेसारखा गुळगुळीत.

आणि सोनंही एका जातीचं नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन ६ जून १६७४ ला रायगडावर हजर होता. त्याने लिहून ठेवलंय की सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी टोकांचे भाले होते. उजवीकडे मोठ्या दातांच्या माशांची दोन सोन्याची डोकी, डावीकडे घोड्यांच्या शेपट्या आणि एका भाल्यावर न्यायाचं चिन्ह म्हणून सोन्याचा तराजू. मुलांना हे सगळं हवंय, आणि मलाही. तेव्हा बत्तीस मणांचं म्हणून ज्याची ख्याती, त्या सिंहासनाचे मोठे सपाट भाग, मासे-तराजूसारखं बारीक काम आणि पांढऱ्या अंगरख्यांच्या काठाची केसाएवढी जर, या तिन्हींसाठी एकच अस्तर चालेल का, हा माझा मुख्य प्रश्न.

फुटक्या पणत्यांच्या खापरांवर आणि प्रिंटच्या उरलेल्या आधारकाड्यांवर नमुने करून पाहिलेत. काय दिसलं ते सांगते, म्हणजे उत्तर देणाऱ्याला सोपं जाईल.

काळ्यावर सोनेरी समोरून उजेड पडला की फार देखणं दिसतं, खोल, जुन्या दागिन्याचं. पण मान जरा वळवली की तेच हिरवट-मळकट होतं. कारण समजतं. या रंगांमध्ये बहुतेक वेळा अभ्रकाच्या चकत्या असतात, त्या उजेड परतवतात तेवढंच सोनं. जिथून परतवत नाहीत तिथून खालचा काळा वर येतो आणि पिवळसर पातळ थर काळ्यावर हिरवट भासतो. किल्ला लोक चारी बाजूंनी, वाकून, उभं राहून बघतात. सगळ्यांना एका कोनातून बघा असं सांगता येत नाही.

पांढऱ्यावर तर काही हातच लागत नाही. कितीही हात दिले तरी फिकट, लग्नपत्रिकेच्या कागदासारखं.

यलो ऑकरवर, म्हणजे मातकट पिवळ्यावर, दोन पातळ हातांत झाकलं जातं आणि लांबूनही सोनंच वाटतं. सिंहासनाचे सपाट भाग यात सर्वांत स्वच्छ आले. पण नक्षीच्या खाचांत जिथे कुंचला पोचत नाही तिथे पिवळा तसाच दिसतो आणि धातूपणा जातो. वर बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, पाण्यात अगदी पातळ करून खाचांत सोडलं तेव्हा बरंच सुधारलं.

तांबूस तपकिरीवर, म्हणजे बर्न्ट सायनात किंचित लाल घालून जो रंग केला त्यावर, मला सर्वांत आवडलं. कडांवर जिथे सोनेरी विरळ होतं तिथे खालची ऊब दिसते. पणतीच्या उजेडात ते खापर मी बराच वेळ हातात धरून फिरवत होते. माशाच्या दातांपाशी अगदी असंच हवंय. सपाट भागावर मात्र ते जड वाटतं, सोन्यापेक्षा तांब्याकडे झुकतं. की माझा लाल जास्त पडतोय?

वाचन केलं तर गोंधळ वाढतो. युरोपात लाकडावर सोन्याचा वर्ख लावताना खाली आर्मेनियन बोल नावाची तांबडी चिकणमाती देतात. वर्ख मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा पातळ असतो, उजेडाकडे धरला तर आरपार हिरवट दिसतो, म्हणून खालचा तांबडा त्याला ऊब देतो. हे पटतं. उलट आपल्या तंजावर चित्रांत, जी तिथल्या मराठा राजांच्या आश्रयाने बहरली, उठावाचं काम खडूच्या पुडीचं, म्हणजे फिकट रंगाचं, आणि त्यावर सोन्याचा पत्रा. तिथे कुठे काही कमी पडत नाही. मला वाटतं पत्रा अखंड असतो म्हणून खालचा रंग तितका महत्त्वाचा राहत नाही, आणि आपला बाटलीतला रंग हा वर्खाच्याही पुढे जाऊन चकत्या-चकत्यांचा, फटी असलेला, म्हणून त्याला अस्तर जास्तच लागतं. हा तर्क बरोबर आहे का, हे जाणकारांनी सांगावं.

भाजलेली माती आधीच गेरूच्या रंगाची असल्याने तिच्यावर थेट सोनेरी दिलं तर बोलसारखंच होईल असं वाटलं होतं. रंग जुळतो, पण माती रंगातला चिकटपणा पिऊन टाकते आणि वर कोरडी, बोटाला लागणारी भुकटी राहते. झळाळी नावालाही नाही. तेव्हा आधी सील करणं आलं. पाण्यात पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा हात पुरेल, की ॲक्रिलिक प्रायमरच हवा? फेव्हिकॉलची शंका अशासाठी की मुलं किल्ल्यावर हळीव पेरतात आणि रोज पाणी शिंपडतात, शिवाय रात्रीचं दव. पांढरा फेव्हिकॉल ओलाव्याने परत मऊ पडतो.

रेझिनच्या चित्रांना गच्चीवर भर दुपारी करडा स्प्रे प्रायमर मारणार आहे. सकाळच्या दमट हवेत तो पांढरट पडतो, त्यामुळे ती वेळ नकोच.

जरीबद्दल स्वतंत्र विचारते, कारण तिथे चूक सुधारायला जागा नसते. पांढऱ्या अंगरख्यावर थेट सोनेरी रेघ ओढली तर ती दिसतच नाही. आधी तपकिरी रेघ आणि तिच्या आत थोडी बारीक सोनेरी, असं केलं की दोन्ही बाजूंना तपकिरीची केसभर कड राहते आणि जर कापडापासून सुटी दिसते. हे मला बरोबर वाटतंय, पण या आकाराला ती कड ढोबळ दिसेल का? ऑकरची कड ठेवू का?

अजून एक, उजेडाचं. किल्ला दिवसा जिन्याशेजारी सावलीत असतो, संध्याकाळी पणत्या, आणि वर सोसायटीचा पांढरा एलईडी. पणतीत काळ्यावरचंही सोनं उबदार दिसतं, एलईडीखाली सगळंच थंड होतं. तुम्ही अस्तर कोणत्या उजेडात ठरवता? मी एलईडी धरून ठरवावं म्हणते, कारण तिथे टिकलं तर पणतीत खुलेलच.

वरून वार्निश द्यावंच लागणार. मॅट दिलं तर सोनं मरतं हे नमुन्यावर पाहिलं. अंगरख्यांना मॅट आणि सोन्यावर कुंचल्याने ग्लॉस, असं कुणी केलंय का? सोन्यावर ग्लॉस आठवडाभर पाण्याचे शिंतोडे सोसेल का?

सध्या हाताशी फेव्हिक्रिल आणि कॅमलिनचे सोनेरी आहेत. छोट्या मूर्तींसाठीच्या रंगांत सिटाडेलच्या रेट्रिब्युटर आर्मर या सोनेरीची झाकण्याची ताकद चांगली म्हणतात, व्हॅलेजोच्या मेटल कलर मालिकेत अॅल्युमिनियमची बारीक पूड असते. सिंहासनापुरती एक बाटली घ्यायची माझी तयारी आहे. पण अशा झाकणाऱ्या रंगाखाली अस्तराचा फरक उरतो का? उरत नसेल तर बारीक कामाला आपला पातळ रंग आणि तांबूस अस्तरच बरं, असा माझा कल आहे.

फोटो असतील तर फार मदत होईल. एकाच चित्राचे समोरून आणि बाजूने, दोन्ही. शनिवारी अप्पा बळवंत चौकात सामान आणायला जाणार आहे, तोपर्यंत निदान सिंहासनाखाली ऑकर की तांबूस एवढं कळलं तरी रविवारी पहिला हात देता येईल.