एकच एक्स-रे, दोन डॉक्टर, दोन निदानं

प्रश्न (सातपूरची लेक):
बाबांनी सातपूरच्या एका फाउंड्रीत 22 वर्षं फेटलिंग केलं, म्हणजे कास्टिंगला चिकटलेली वाळू ग्राइंडरने काढायची. नाकाला फक्त रुमाल. आता पांडवलेणीच्या निम्म्या पायऱ्याही चढवत नाहीत. एक डॉक्टर म्हणाले टीबी. थुंकी दोनदा निगेटिव्ह, तरी सहा महिने गोळ्या. दुसरे म्हणाले, जुने डाग आहेत. काम काय करायचात, हे कुणीच विचारलं नाही. एकाच फिल्मवर इतका फरक?

उत्तर (निवृत्त एक्स-रे तंत्रज्ञ, नाशिकरोड):
ताई, बाबांचं काम पाहता हा सिलिकोसिस, म्हणजे वाळूच्या बारीक धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार, असू शकतो. आणि फिल्म वाचण्यात फरक तज्ज्ञांतही पडतो. म्हणून तर आयएलओने (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने) अशा धुळीच्या आजारांसाठी नमुना फिल्म ठरवून दिल्यात. त्या शेजारी लावून ठिपक्यांची दाटी 0 ते 3, आणि बारकाईने 12 पायऱ्यांत मोजतात. अमेरिकेत त्यासाठी परीक्षा असते, पास झालेल्याला 'बी रीडर' म्हणतात. सिलिकोसिसचे बारीक गोल ठिपके बहुधा फुफ्फुसाच्या वरच्या भागात, टीबीही बहुधा तिथेच. श्वास अर्धवट घेतला किंवा फिल्म काळपट आली, तरी वाचन चुकतं. मी कागदावर रुग्णाचं काम लिहूनच पाठवायचो. जुन्या सगळ्या फिल्म घेऊन छातीरोगतज्ज्ञांकडे जा, एचआरसीटीचं (फुफ्फुसाच्या बारकाईच्या सीटी स्कॅनचं) विचारा.

उत्तर (अंबडचा कामगार):
सिलिकोसिस असेल तर टीबीचा धोकाही वाढतो, तो विषय सोडू नका. आणि फॅक्टरी कायदा 1948 च्या तिसऱ्या अनुसूचीत हा आजार होता; 2025 मध्ये त्याच्या जागी आलेल्या कामगार सुरक्षा-आरोग्य संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीतही तो आहे, डॉक्टरांनी कळवणं बंधनकारक आहे. बाबांच्या पगाराच्या पावत्या जपून ठेवा.

सातपूरची लेक:
पावत्या पत्र्याच्या पेटीत आहेत. 1998 पासूनच्या. सोमवारी निघतो.