स्नीक अटॅकच्या फाशांना मंत्राचा बोनस लागतो का? ओगर 1 हिट पॉइंटवर वाचला, त्यावरून

टेबलमालक (इंदूर)
शनिवारी लोकमान्य नगरात आमच्या घरी पाथफाइंडर हा फाशांचा रोलप्लेइंग खेळ चालतो, 2009 ची पहिली आवृत्ती; चालवतो मी. आमचा सॉर्सरर, म्हणजे जादूगार (रोग, म्हणजे चोरट्याचा क्लास, लेव्हल 3, सॉर्सरर लेव्हल 4, लाल ड्रॅगनचा वंश) अदृश्य होऊन ओगरच्या वीस फुटांवर आला आणि स्कॉर्चिंग रे हा आगीच्या किरणाचा मंत्र सोडला. फासे पडले 3, 5, 6, 2. झाले 16. या वंशाला आगीच्या मंत्रात दर फाशामागे 1 जास्त, म्हणजे 20. स्नीक अटॅकचे, म्हणजे बेसावध शत्रूवरच्या वाराचे, जादा दोन फासे 4 आणि 1. एकूण 25. ओगरकडे हिट पॉइंट (जीव) होते 26.

तो म्हणाला, स्नीकच्या फाशांनाही एकेक द्या, 27 होतात. मी नाही म्हटलं. ओगरने सोटा फिरवला, आमची क्लेरिक (पुजारीण) आडवी. ती खेळवणारी मुलगी अकरावीतली, पोह्यांची बशी तशीच ठेवून उठली. माझं चुकलं का?

लाल_वंश
काका, तो मीच. नियमात लिहिलंय, मंत्र "टाकलेल्या दर फाशामागे" 1 जास्त नुकसान करतो. मी सहा फासे टाकले, तुमच्यासमोर, एकाच मुठीतून. किरण लागला नसता तर ते दोन फासे पडलेच नसते.

बडोदेकर ताई
मुठीवर काही ठरत नाही रे. तो बोनस मंत्र जे नुकसान करतो त्यावर आहे आणि स्कॉर्चिंग रे या लेव्हलला 4 फाशांचंच करतो. उरलेले दोन रोगच्या हातचलाखीचे. दोन्ही वेगळे आहेत हे खेळ स्वतःच दोनदा दाखवतो. क्रिटिकल (फासे दुप्पट करणारा अचूक वार) लागला की किरणाचे 4 फासे 8 होतात, स्नीकचे दोन दोनच राहतात. आणि हाच किरण एखाद्या ऊझवर सोड. आग पूर्ण लागेल, स्नीक शून्य, कारण त्या लिबलिबीत गोळ्याला मर्मस्थानच नाही. एकच नुकसान असतं तर असं फाटलं असतं का?

शून्य_कवच
डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत या, भांडणच मिटतं. 2014 च्या नियमात स्नीकला फिनेस (चपळाईने चालवायचं) किंवा दूरचं शस्त्र लागतं. फायर बोल्ट मंत्राला मिळत नाही, बूमिंग ब्लेड मंत्राला मिळतो, कारण तिथे वार शस्त्राचाच.

लाल_वंश
आमचा खेळ तो नाही. ताई, क्रिटिकलचं मान्य. पण डंजन्स अँड ड्रॅगन्स 3.5 च्या 'कम्प्लीट आर्केन' पुस्तकात किरणाच्या स्नीकचं नुकसान मंत्राच्याच जातीचं धरलंय, आमच्या टेबलावरही तसंच चालतं. शत्रूला आगीविरुद्ध 10 चा रेझिस्टन्स (तेवढं नुकसान कमी) असला की काका सगळी बेरीज करून एकदाच 10 वजा करतात. वजा करताना एक आणि देताना दोन?

बडोदेकर ताई
हा मुद्दा चांगला आहे. तरीही माझं मत तेच. जात एक झाली म्हणून उगम एक होत नाही. शिवाय तू पुढे आर्केन ट्रिकस्टर (चोरी आणि जादू एकत्र करणारा क्लास) होणार, दर दोन लेव्हलला स्नीकचा एक फासा वाढणार. मग हा बोनसही त्याच्या मागे फुगत जाईल, आणि ड्रॅगनच्या रक्ताचा पाठीतल्या वाराशी संबंध काय?

टेबलमालक (इंदूर)
ताईंचं पटलं, निकाल कायम. पण तू हा बोनस तीन महिने धरत होतास आणि मी बेरीज तपासली नाही, ती चूक माझी. ऐन ओगरसमोर नियम काढणं बरोबर नव्हतं, म्हणून त्या एका वारापुरते 27 धरतो. ओगर पडला, सोटा फिरलाच नाही. क्लेरिक उभी आहे. तिला मी आज फोन करतो.