बीपीटीनंतर अमेरिकेत ॲथलेटिक ट्रेनिंगची मास्टर्स: करावी की नाही?

मैदानाकडेची
बरेच दिवस लिहायचं होतं, आज सुट्टी आहे म्हणून बसलेय. मी पुण्यातून बीपीटी म्हणजे फिजिओथेरपीची पदवी केली, आता ओहायोत ॲथलेटिक ट्रेनिंगच्या मास्टर्सचं दुसरं वर्ष चालू आहे. मागच्या आठवड्यात कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर एका ज्युनिअरने विचारलं की हा कोर्स कसा आहे, तर लगेच खाली उत्तरं आली की फिजिओ होऊन परत जिम ट्रेनरची डिग्री कशाला, डीपीटी (तिकडची फिजिओची डॉक्टरेट) कर नाहीतर इथेच एमपीटी (फिजिओची मास्टर्स) कर. मला हे अजिबात पटत नाही. ज्याला क्लिनिकमध्ये नाही तर मैदानाच्या कडेला उभं राहायचंय त्याने हीच डिग्री करावी.

आधी नावाचा घोळ मिटवूया. इकडे ॲथलेटिक ट्रेनर म्हणजे व्यायाम करून घेणारा नाही, तर खेळाडूंच्या दुखापती आणि मैदानावरची इमर्जन्सी सांभाळणारा. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९९० लाच याला आरोग्यसेवेतला व्यवसाय म्हणून मान्यता दिलीय, कॅलिफोर्निया सोडला तर सगळ्या राज्यांत याचे सरकारी नियम आहेत, काम डॉक्टरच्या देखरेखीखाली चालतं. आधी बॅचलर्सवर होता यायचं, मग २०१५ ला ठरलं की मास्टर्स लागणार आणि २०२२ च्या फॉलपासून बॅचलर्सचे नवे प्रवेश बंद झाले. साधारण दोन वर्षं, शेवटी प्रमाणपत्रासाठी बोर्डाची चार तासांची १७५ प्रश्नांची परीक्षा.

२ जानेवारी २०२३ ला बफेलो बिल्स या अमेरिकन फुटबॉल टीमचा डमार हॅमलिन टॅकल करून उठला, दोन पावलं गेला आणि तिथेच पडला, हृदय थांबलं होतं. ज्याने मैदानातच त्याच्या छातीवर दाब द्यायला घेतला तो डेनी केलिंग्टन, टीमचा असिस्टंट ॲथलेटिक ट्रेनर. ॲम्ब्युलन्सच्या आधीची ती मिनिटं, त्याचं शिक्षण म्हणजे ही डिग्री.

दुसरं उदाहरण उष्माघाताचं, मला यातच सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. २००१ मध्ये कोरी स्ट्रिंगर नावाचा मिनेसोटा वायकिंग्जचा खेळाडू प्रॅक्टिसमधल्या उष्माघाताने गेला, पुढे त्याच्या नावाने कनेक्टिकट विद्यापीठात संस्थाच उभी राहिली. तिथून आमच्या डोक्यात ठोकलेलं वाक्य म्हणजे आधी थंड करा, मग हलवा. शरीराचं आतलं तापमान ४०.५ अंश सेल्सिअसच्या वर आणि माणूस बरळतोय किंवा कोसळलाय, तर गुदद्वारातूनच तापमान घ्यायचं कारण काखेतलं आणि कपाळावरचं फसवतं, आणि अर्ध्या तासाच्या आत बर्फाच्या पाण्यात घालून ३८.९ पर्यंत खाली आणायचं. माझं पोस्टिंग एका हायस्कूलच्या फुटबॉल टीमवर आहे. ऑगस्टमध्ये आम्ही रोज प्रॅक्टिसच्या आधी टब भरतो, बर्फ शेजारी ठेवतो. आजवर त्यात कुणाला घालावं लागलेलं नाही तरी रोज भरतो. बीपीटीच्या साडेचार वर्षांत हा टब मी एकदाही पाहिला नव्हता.

नाशिकचा फिजिओ
ताई, भावना समजल्या पण मुलांना अर्धंच चित्र दाखवताय. मी स्पोर्ट्समध्ये एमपीटी केलंय, क्लबच्या आणि जिल्ह्याच्या टीम सांभाळतो. पैशाचं कोण बोलणार? तिकडच्याच सरकारी आकड्यांत मे २०२३ ला ॲथलेटिक ट्रेनरची मधली कमाई वर्षाला ५७,९३० डॉलर आणि फिजिकल थेरपिस्टची ९९,७१०. दोघांना बॅचलर्सनंतर शिकावं लागतं, एकाला दोन वर्षं एकाला तीन. एका वर्षाच्या फरकासाठी आयुष्यभर एवढं कमी घ्यायचं?

आणि परत आलात तर? आपल्याकडे या नावाचं पदच नाही. अलाइड हेल्थचा (डॉक्टर-नर्स सोडून बाकी आरोग्यसेवकांचा) कायदा २०२१ ला झाला त्यात फिजिओथेरपी आहे, पण ॲथलेटिक ट्रेनर म्हणून तुम्हाला कोण ओळखणार? टीममध्ये फिजिओ असतो आणि स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग कोच असतो, तुमची जागा दोघांच्या मधे, म्हणजे कुठेच नाही. इमर्जन्सीचं म्हणाल तर सीपीआर, मैदानावरचे प्रथमोपचार, मान धरून स्ट्रेचरवर घेणं हे दोन-चार दिवसांच्या कोर्सात मिळतं. मी केलेत ते. त्याला पन्नास लाखांची डिग्री कशाला?

मैदानाकडेची
पगाराचा आकडा बरोबर आहे, तो मी लिहायला हवा होता. पण दादा, दोन-चार दिवसांच्या कोर्सात हात शिकतात, नजर नाही. एखादा पोरगा डोक्याला मार लागून उठतो आणि म्हणतो मी ठीक आहे, सगळे म्हणतात ठीक आहे, कोचला तो पाहिजे असतो, अशा वेळी त्याला बाहेर काढायचं हे मी शंभर वेळा कुणाच्या तरी शेजारी उभी राहून शिकलेय. आमच्या शिक्षणात कमीत कमी चार आठवडे सलग पूर्णवेळ फक्त प्रॅक्टिस आणि मॅच, वर्ग नाही काही नाही. सकाळी टेपिंग, दुपारी रिहॅब, रात्री मॅच संपली की दुसऱ्या टीमच्या पोराचं पण बघायचं. एमपीटीत असं मैदान मिळालं का तुम्हाला? खरंच विचारतेय.

नाशिकचा फिजिओ
मैदान मिळालं नाही हे खरं. ते मी नोकरी लागल्यावर स्वतः जाऊन मिळवलं, आणि माझ्या मते तोच रस्ता इथल्या मुलांना परवडणारा आहे.

लेकीचा बाबा
मी खेळातला नाही, बँकेत होतो. मुलगी बीपीटीच्या इंटर्नशिपला आहे आणि याच कोर्सचं तिच्या डोक्यात आहे म्हणून हा धागा दोनदा वाचला. माझी अडचण साधी आहे. कर्जाला घर तारण ठेवावं लागणार. प्रवेश करून देणाऱ्या माणसाने सांगितलं होतं की असिस्टंटशिप मिळते, फी माफ होते. दोन-तीन विद्यापीठांना स्वतः मेल केले तर कळलं की ती सोय बहुतेक जुन्या पद्धतीतली, म्हणजे जे आधीच बोर्ड पास असायचे ते टीमवर काम करत मास्टर्स करायचे त्यांची. आता मास्टर्स केल्याशिवाय बोर्डालाच बसता येत नाही, मग फी माफ करून टीमवर कुणाला घेणार? मुलांना हे आधी सांगा. क्लिनिकलच्या म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या तासांना पैसे मिळत नाहीत हे पण सांगा. शिक्षणानंतर कामाला एक वर्ष मिळतं, इंजिनिअरिंगवाल्यांसारखी पुढची दोन वर्षं यात धरून चालता येत नाहीत, आणि त्यात २०२५ च्या सप्टेंबरमध्ये एच-वन-बीच्या (तिकडच्या नोकरीच्या व्हिसाच्या) नव्या अर्जांवर एक लाख डॉलर लावले. शाळेची टीम माझ्या मुलीसाठी एवढे भरेल?

मैदानाकडेची
काका, असिस्टंटशिपचं तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात, मी पण त्याच भरवशावर आले होते आणि पहिल्या सेमिस्टरला खूप रडले. त्या एक लाखाचं एवढंच की इथेच शिकून इथूनच व्हिसाचं स्टेटस बदलणाऱ्यांना तो लागू नाही असं नंतर सरकारने स्पष्ट केलं. आणि विद्यापीठांना एच-वन-बीच्या लॉटरीतून जावं लागत नाही, म्हणून मी अर्ज विद्यापीठांच्याच टीमना करतेय, शाळांना नाही. पण घर तारण ठेवून या असं मी म्हणणार नाही. माझ्या आईबाबांनी ठेवलंय आणि ते ओझं मी रोज घेऊन झोपते. तरी काम आवडतं म्हणून टिकलेय. मुलीला आधी एक सीझन इथल्याच एखाद्या कबड्डीच्या नाहीतर फुटबॉलच्या टीमबरोबर रोज उभं राहू दे, पाच महिन्यांनी पण तिला तिथेच जावंसं वाटलं तर मग कागद काढा.

भरतीवाला मास्तर
तुमचं सगळं वाचलं. मी तालुक्याच्या गावात पोलीस भरतीची ॲकॅडमी चालवतो, दीडशे पोरंपोरी, पहाटे पाचला ग्राउंड. २०२४ ला झारखंडात शिपाई भरतीच्या दहा किलोमीटर पळण्यात दहाच्या वर पोरं गेली, कारणं काय काय सांगितली, पण पोरं गेली ती गेली. तेव्हापासून मला झोप नाही. माझ्याकडे पोरगा पडला की आम्ही काय करतो माहितीये का, कांदा हुंगवतो, तोंडावर पाणी मारतो, पाय वर करतो. फिजिओ आमच्याकडे येत नाही, आला तर गुडघ्याला मशीन लावायला बोलावतो. तुम्ही डिग्री अमेरिकेची घ्या नाहीतर नाशिकची, आमच्या ग्राउंडवर कोण उभं राहणार ते सांगा. आणि टब कुठून आणू?

मैदानाकडेची
मास्तर, टब लागत नाही. ताडपत्री घ्या. पोराला मधे झोपवायचं, चार-पाच जणांनी कडा वर उचलून धरायच्या म्हणजे खोळ होते, त्यात पाणी आणि बर्फ ओतायचा आणि पाणी सतत हलवत राहायचं, डोकं पाण्याबाहेर धरायला एक माणूस वेगळा. १०८ ला फोन त्याच मिनिटाला, पण गाडीची वाट बघत थांबायचं नाही. बर्फ पहाटेच आणून थर्मोकोलच्या पेटीत ठेवा.

नाशिकचा फिजिओ
मी हेच म्हणतोय ना. ताडपत्रीला मास्टर्स लागत नाही.

मैदानाकडेची
ताडपत्रीला नाही लागत. पण पडलेला प्रत्येक पोरगा उष्माघाताचा नसतो. मास्तर, तुमच्याकडे नंदुरबार, गडचिरोलीकडची पोरं येतात का? तिकडे सिकलसेल आहे, रक्ताच्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार. ज्यांच्यात आईबापांपैकी एकाकडूनच आलेलं त्याचं एकच जनुक आहे त्यांना रोजच्या जगण्यात बहुतेक वेळा काही जाणवत नाही, पण अंगात दम नसताना जोरात पळायला लावलं की मधेच पाय जातात. गोळा येऊन पोटरी दगडासारखी होते तसं नाही होत, स्नायू मऊच असतो, पोरगा बोलत असतो आणि पाय उचलत नाही. सगळे म्हणतात नाटक करतोय, उठ. तिथे अजून एक राउंड मारायला लावला तर जीव जातो. इकडे कॉलेजच्या वरच्या स्तरावरच्या खेळाडूंची ही तपासणी २०१० पासून सक्तीची आहे. ही पोरं मैदानावर ओळखायची कशी हे मला या डिग्रीने शिकवलं, त्याआधी मी पण म्हटलं असतं की क्रॅम्प आलाय, मीठ-साखर पाणी द्या.

भरतीवाला मास्तर
येतात. आत्ता सात आहेत नंदुरबारची. त्यातल्या एकाला मागच्या महिन्यात मीच म्हणालो होतो की नाटक करू नको.
तपासणी कुठे होते?

नाशिकचा फिजिओ
मास्तर, सरकारी दवाखान्यात होते, साधी रक्ततपासणी आहे, आजच पाठवा सगळ्यांना. रिपोर्ट येईपर्यंत त्या सात जणांना स्प्रिंट देऊ नका, पाणी पिऊ द्या, कुणी थांबतो म्हणाला तर थांबू द्या. तुमचा नंबर खासगी मेसेजमध्ये टाका, रविवारी पहाटे ग्राउंडवर येतो. ताई, डिग्रीबद्दल माझं मत तेच आहे, पन्नास लाख जास्तच आहेत. पण त्या मऊ स्नायूचं मला माहीत नव्हतं.

लेकीचा बाबा
मुलीला हा धागा वाचायला दिला. रविवारी तिलाही घेऊन जाल का?

भरतीवाला मास्तर
पाठवा काका. आणि मॅडम, ताडपत्री किती बाय कितीची घेऊ? आमच्या इथे बारा बाय पंधराची मिळते, कांद्यावर टाकतात ती.

मैदानाकडेची
तीच चालेल, फक्त भोक नको. आधी एखाद्या धडधाकट पोराला झोपवून नुसत्या पाण्याने दोनदा सराव करा, कडा धरणाऱ्यांचे हात भरून येतात, त्यांची अदलाबदल कशी करायची ते ठरवून ठेवा.