आमदाराची कसोटी सभागृहात की गंधमुक्तीच्या मांडवात?

तापीकाठ (धागाकर्ता):
जुन्या एदलाबाद, म्हणजे आताच्या मुक्ताईनगर मतदारसंघाने विधानसभेला दोन विरोधी पक्षनेते दिले, याचा उल्लेख खान्देशातही क्वचितच होतो. प्रतिभाताई पाटील १९६२ मध्ये वयाच्या २७ व्या वर्षी जळगावातून निवडून आल्या, १९६७ पासून एदलाबादमधून सलग चार वेळा सभागृहात गेल्या, उपमंत्री आणि मंत्री झाल्या व १९७९-८० मध्ये विरोधी पक्षनेत्या होत्या. पुढे १९९० पासून सलग सहा वेळा निवडून आलेले एकनाथ खडसे २००९ ते २०१४ या काळात त्याच पदावर होते. दोघांचे राजकारण कोणाला पटो न पटो, त्यांचे वजन वाढले ते सभागृहात. आज मात्र आपण आमदाराला साखरपुडे, हळदी आणि गंधमुक्ती (मृत्यूनंतरचा विधी) यांच्या हजेरीवर मोजतो. "भाऊ, येनंच पडी" (यावंच लागेल) असा आग्रह आपणच धरतो आणि अधिवेशनात तो बोलला का, हे विचारायला विसरतो.

केळीबाग:
दादा, हे वाचायला छान वाटते, पण आपण रावेर तालुक्यात भर मे महिन्यात जळालेली डीपी (विजेचे रोहित्र) पाहिलेली दिसत नाही. आमच्या शिवारातील डीपी जळाली तेव्हा घडांनी लगडलेली बाग नऊ दिवस पाण्यावाचून उभी होती. पाने करपून खाली लोंबली, तरी कार्यालयात आम्हाला रोज "उद्या" हेच उत्तर मिळाले. शेवटी भाऊबंदातील एका गंधमुक्तीला आमदार आले, तेव्हा मांडवातच त्यांच्या स्वीय सहायकाच्या हाती अर्ज दिला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डीपी बदलली गेली. त्या नऊ दिवसांत सभागृहातील भाषणाने आमच्या बागेला काय दिले असते?

तापीकाठ:
आपले नुकसान मी नाकारत नाही. परंतु डीपी बदलण्यासाठी आमदार लागावा, हीच मुळात व्यवस्थेची नामुष्की आहे. आपल्याच केळीचा दुसरा प्रश्न घ्या. फळपीक विम्यात पारा किती दिवस खाली राहिला म्हणजे भरपाई मिळेल आणि वाऱ्याचा वेग किती धरायचा, हे निकष शासन निर्णयाने ठरतात. महसूल मंडळातील हवामान केंद्राने नोंदवलेला आकडा निकषात बसला नाही, तर बाग डोळ्यांदेखत आडवी होऊनही शेतकऱ्याच्या हाती काही येत नाही. तहसीलदाराला केलेल्या फोनने तो निकष बदलत नाही. त्यासाठी लक्षवेधी मांडावी लागते, मंत्र्याला उत्तर द्यायला भाग पाडावे लागते आणि दिलेल्या आश्वासनाचा पुढच्या अधिवेशनात पाठपुरावा करावा लागतो. या कामाचा फोटो निघत नाही, म्हणून ते कोणी करत नाही.

धुळेकरीण:
दोघांच्या वादात आमदार निधी राहूनच गेला. वर्षाला ५ कोटी रुपयांची कामे सुचवण्याचा अधिकार हाती आल्यावर गावाला आमदार म्हणजे सभामंडप आणि पेव्हर ब्लॉक देणारा माणूस वाटला, तर नवल काय? (आमच्या गल्लीत एकाच रस्त्याचे दोनदा नारळ फुटले, ते असो.) प्रतिभाताईंना एका तरुण स्त्रीने १९६२ साली सभागृहात उभे राहून बोलण्याचे अप्रूप तरी लाभले, आज पहिल्यांदा निवडून आलेल्या स्त्री आमदाराला मात्र बैठकीतले लोक आधी "साहेब कुठे आहेत?" असे विचारतात.

केळीबाग:
विम्याचा मुद्दा मान्य आहे, कारण मागे वादळात माझीही दोन एकर बाग पडली होती आणि आमच्या मंडळातील वाऱ्याचा आकडा निकषाच्या खालीच निघाला होता. तरी एक गोष्ट लक्षात घ्या, दादा. ही तक्रार मी आमदारांच्या कानावर घातली तीसुद्धा एका लग्नात, अक्षता पडण्याआधी, कारण त्यांच्या मुंबईच्या निवासात मला कोणी ओळखत नाही. सभागृहात बोलणाऱ्यालाही आमचा प्रश्न कुठून तरी कळावा लागतो. तेव्हा त्याने अधिवेशनात जरूर बोलावे, पण आमच्या मांडवातही यावे. यंदा मी अर्जाला सातबारा जोडून ठेवला आहे.