तूसाँ लूव्हर्त्यूरवर एकांकिका लिहितोय, मधेच अडलोय. मदत हवी आहे

मंडळी,
हैतीच्या क्रांतीतला सेनानी तूसाँ लूव्हर्त्यूर याच्यावर एकांकिका लिहायला घेतलीय. सुरुवात आणि शेवट झालाय. पडदा उघडतो तो फ्रान्समधल्या ज्युरा डोंगरातल्या फोर द झू किल्ल्याच्या कोठडीत. उष्ण बेटावरून फ्रेंचांनी कैद करून आणलेला म्हातारा, बाहेर बर्फ, शेगडीला मोजून दिलेली लाकडं. ७ एप्रिल १८०३ ला तो तिथेच गेला.

घोडं पेंड खातंय ते मधल्या भागात. १७९१ मध्ये सँ-दोमँगचे (म्हणजे आजची हैती, तेव्हाची फ्रेंच वसाहत) गुलाम उठले, तेव्हा हा पन्नाशीकडे झुकलेला, एकेकाळी ब्रेदा मळ्यावर मालकाची बग्गी हाकणारा. आधी स्पेनकडून लढला, १७९४ मध्ये फ्रान्सकडे आला, १७९८ मध्ये इंग्रजांना बेटावरून घालवलं. इथवर प्रेक्षक त्याच्या बाजूने असतील. पण पुढे मुक्त झालेल्यांनाच त्याने मळ्यावर जुंपलं! चाबूक गेला, उत्पन्नाचा चौथा हिस्सा मिळू लागला, पण मळा सोडायची मुभा नाही, आणि देखरेखीला लष्कर. १८०१ मध्ये उत्तरेत मजुरांनी बंड केलं, तेव्हा त्या बंडाला फूस दिल्याच्या आरोपावरून त्याने जनरल मोईझला गोळ्या घालायला लावल्या. मोईझ म्हणजे त्याने पुतण्या मानलेला माणूस.

हा प्रवेश ठेवला तर नायक खलनायक होतो, काढला तर नुसता पुतळा उरतो. काय करू?

प्रतिसाद:
काढू तर अजिबात नका, नाटक तिथेच आहे. फक्त त्याची भीती आधी दाखवा. साखर-कॉफी परदेशी गेली नाही तर पैसा नाही, पैसा नाही तर बंदुका नाहीत, आणि गुलामगिरी परत लादायला फ्रेंच फौज कधीही येईल. ती आलीच, फेब्रुवारी १८०२ मध्ये, नेपोलियनने पाठवलेल्या जनरल लक्लेरच्या आरमारातून. तोवर ज्यांच्या जोरावर लढायचं ते मजूरच त्याने दुखावले होते. माझ्या मते मोईझला त्या कोठडीतच आणा. लढाईत त्याचा एक डोळा गेला होता, त्यामुळे न बोलतासुद्धा तो ओळखू येईल.

धागाकर्ता:
हे सुचलंच नव्हतं, आभार! आमच्याकडे नट दोनच आहेत. पहारेकऱ्याचं काम करणाऱ्यालाच डोळ्यावर पट्टी बांधून मोईझ करता येतो का, ते रविवारच्या तालमीत बघतो.