शब्दचर्चा : पाटीवर ‘टाक’ लिहावं की ‘रौप्यफलक’?

वहीवाली :
आमच्या गावातल्या एका छोट्या इतिहास संग्रहालयात मी शनिवार-रविवार मदतीला जाते. दाखल वहीत नोंदी करणं आणि वस्तूंच्या पाट्या लिहिणं हे माझं काम. दिवाळीनंतर एका जुन्या घरातून बरीच चांदी आली. वाडा पाडायचा होता आणि भावंडं चार गावांत पांगलेली. सगळं सराफाकडे मोडीत घालण्यापेक्षा इथे राहील, असं त्यांनी ठरवलं. पळी-पंचपात्र, ताम्हन, अत्तरदाणी, गुलाबदाणी, कुंकवाची कुयरी, दोन अडकित्ते, काचेवर मागच्या बाजूने रंगवलेलं एक चित्र आणि देव्हाऱ्यातले पाच टाक.

पाट्या घाईत झाल्या. टाकांच्या पाटीवर मी लिहिलं, ‘देवताफलक (५), रौप्य, उठावकाम’. प्रदर्शन पाहायला त्या घरातल्या आजी आल्या. कपाटासमोर उभ्या राहून त्यांनी पाटी नीट वाचली आणि मला विचारलं, “बाळ, आमचे टाक कुठं ठेवलेत?”

टाक त्यांच्या समोरच होते. त्या दिवसापासून ही पाटी माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून इथे विचारते आहे : ‘टाक’ हा शब्द सगळ्या महाराष्ट्रात कळतो का? तो मूळचा कुठला? आणि दालनावर ‘नवसंपादित वस्तू’ असं लिहिलंय, ते तुमच्या कानाला कसं लागतं?

कऱ्हाकाठ :
ताई, ‘टाक’च लिहा. जेजुरीच्या पंचक्रोशीत हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठशाने उठवलेली देवाची मूर्ती म्हणजे टाक. खंडोबा घोड्यावर, बरोबर म्हाळसा, खाली कुत्रा. शिवाय भवानी, भैरोबा, नाग आणि घराण्यातले वीर. ‘फलक’ म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे ग्रामपंचायतीचा फळा येतो.

व्याकरण सांभाळा. शब्द पुल्लिंगी आहे : तो टाक, ते टाक, टाकाला, टाकांना. अनेकवचन ‘टाके’ करू नका. ‘टाके’ हे ‘टाका’चं अनेकवचन, म्हणजे शिवणीचे टाके. आणि ‘टाकं’ म्हणजे गडावरचं पाण्याचं.

क्रियापदंही नोंदवून ठेवा, कारण अर्थ त्यांच्यातच आहे. टाक ‘घडवतात’, ‘बसवतात’, काळवंडले की सोनाराकडून ‘उजळून आणतात’. जेजुरीला नेतात ते ‘देवभेटीला’. टाक कुणी ‘पॉलिश’ केले, असं मी आजवर ऐकलेलं नाही.

सराफकट्टा :
माझ्या तीन पिढ्या चांदीच्या कामात गेल्या. ‘उठावकाम’ चुकीचं नाही, पण ते कामाचं नाव झालं, वस्तूचं नव्हे. घडवलेल्या तांब्याला आपण ‘ठोकीव काम’ म्हणून हाक मारत नाही.

व्युत्पत्तीबद्दल : संस्कृत ‘टंक’ म्हणजे ठसा मारलेलं नाणं, तसंच एक वजन आणि छिन्नीसुद्धा. त्यातूनच टांकसाळ आली, बंगाली ‘टाका’ही त्याच कुळातला. टाकही ठशावर दाबूनच होतो. म्हणून मला हे नातं पटतं, पुराव्याची चिठ्ठी मात्र माझ्याकडे नाही. लिहिण्याचा टाक वेगळा, त्याच्याशी घोटाळा नको.

एक विचारतो. देणगीबरोबर जुनी यादी आली आहे का? असली तर जपून वाचा. आमच्या पेढीच्या वह्यांत ‘तांब्या १, रुपये ४२ भार’ अशा नोंदी असत. ती किंमत नाही, वजन आहे. १८३५च्या कायद्यापासून कंपनीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे १८० ग्रेन, सुमारे ११.६६ ग्रॅम. घरोघरी रुपयेच वजन म्हणून पारड्यात टाकत. ४२ रुपये भार म्हणजे जवळजवळ ४९० ग्रॅमचा तांब्या.

वहीवाली :
सराफकट्टा, तुम्ही मला मोठ्या चुकीतून वाचवलंत. यादी आहे, आणि त्यातल्या ‘रुपये १८’ या आकड्यापुढे मी वहीत ‘खरेदी किंमत’ लिहून बसले होते. उद्याच दुरुस्त करते.

त्याच यादीत शेवटी ‘चांदीचे डाग ११’ असं आहे. आमच्याकडच्या संगणकावर नोंद करणाऱ्या मुलाने ‘अकरा ठिकाणी डाग पडले आहेत’ असं टिपलं. मलाही आधी कळलं नव्हतं. डाग म्हणजे नग, दागिना. ‘अंगावर चार डाग घातले’ हे आजीच्या तोंडी ऐकलं होतं, पण कागदावर ओळखताच आलं नाही.

मांडवीतीर :
गोव्याहून लिहिते. आमच्या कोकणीत चांदी म्हणजे ‘रुपें’. मराठीतही पूर्वी ‘सोनंरुपं’ असंच म्हणत, आता ‘रुपं’ फक्त ‘रुपेरी’ या विशेषणात उरलं. तुमच्या पाटीवर ‘रौप्य’ आहे, तो ‘रूप्य’चाच संस्कृत अवतार, रुपयाही तिथलाच. पण ‘रौप्य’ ऐकलं की मला रौप्यमहोत्सव आणि पदक आठवतं. घरातल्या कुयरीला ‘चांदीची’ म्हणा ना. ‘रौप्य कुयरी’ कुणी हातात धरलेली नाही.

कुयरीवरून सांगते : या शब्दात वस्तू आणि घाट एकत्र आहेत. आंब्याच्या कोयीसारखा आकार, म्हणून कोयरी, कुयरी. लुगड्याच्या पदरावरही तीच. ‘हळदीकुंकवाचे पात्र’ लिहिलंत तर आकार हरवेल.

दौत :
‘दाणी’बद्दल थोडं. एका ठिकाणी ‘पानदान’ची फोड ‘पानांचे दान’ अशी केलेली मी स्वतः पाहिली आहे. हे ‘दान’ फारसी, अर्थ ठेवायची जागा. गुलाबदाणी, अत्तरदाणी, पिकदाणी ही त्याचीच मराठमोळी रूपं. गंमत अशी की संस्कृत ‘धान, धानी’ याचं जुनं भावंड. राजधानी म्हणजे राजाची ठेवण्याची, राहण्याची जागा. अत्तरदाणी आणि राजधानी एका कुळातल्या आहेत, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला होता.

अडकित्ता मात्र दक्षिणेकडचा. कन्नडमध्ये अडके म्हणजे सुपारी, कत्तरी म्हणजे कात्री. पुण्यात केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहिले नसतील तर जरूर पाहा. दिनकर केळकरांनी जन्मभर फिरून हजारो वस्तू जमवल्या, आणि त्या बहुतेक घरातल्या, रोजच्या हाताळणीतल्या. रोजच्या वस्तूंना रोजचीच नावं हवीत. पाहणारा त्याच नावाने त्या ओळखतो.

गोदाकाठ :
टाकांबद्दल नाशिकहून एक भर. आमच्याकडे धुळवडीला वीर नाचवतात. घरातले देव, वीर वाजतगाजत नदीवर स्नानाला नेतात. तेव्हा तुमच्या पाचांत एखादा वीर असेल तर सगळ्यांना सरसकट ‘देवता’ म्हणू नका. वीर हा घरातला गेलेला माणूस असतो.

आणखी एक. आमच्या घरी टाक झिजून चेहरा पुसला की तो सोनाराकडे देतात, त्याच चांदीत थोडी भर घालून नवा करून घेतात. देव तोच, पत्रा नवा. म्हणून आमच्याकडे जुना टाक एकही नाही. तुमच्याकडे आलेत ते उजळायला देऊ नका, हात जोडून सांगतो. झिजलेला चेहरा म्हणजे किती पिढ्यांनी त्यावर हळद, भंडारा चोळला त्याची खूण आहे.

वहीवाली :
उजळणार नाही. काळवंडलेलेच राहतील.

‘नवसंपादित’वर कुणी बोललं नाही, म्हणून मीच लिहिते. ‘संपादन’ म्हटलं की मला वर्तमानपत्राचा संपादक दिसतो. वस्तू ‘संपादन केली’ यात आपण ती मिळवली, जिंकली, असा सूर येतो. इथे तर लोकांनी आपणहून आणून दिलं. ग्रंथालयांत दाखल नोंद, दाखल क्रमांक हे शब्द कधीपासून रुळलेले आहेत. मी ‘संग्रहात नव्याने दाखल’ असं सुचवणार आहे.

कऱ्हाकाठ :
‘नव्याने दाखल’ चांगलं आहे. फक्त टाकांसाठी आजींना विचारा, त्या काय म्हणतात ते. आमच्यात देव ‘दिले’ म्हणत नाहीत. ‘ठेवायला दिले’ म्हणतात.

वहीवाली :
काल फोन केला होता. अगदी तेच म्हणाल्या : “देव तुमच्याकडं ठेवलेत.” नवी पाटी अशी होईल :

‘देवघरातले टाक (५). चांदीचा पत्रा, ठशावर उठवलेला. खंडोबा-म्हाळसा, भवानी, भैरोबा, नाग’

पाचव्यात एकटा घोडेस्वार आहे. हातात तलवार, बरोबर म्हाळसा नाही, कुत्रा नाही. मी त्यालाही खंडोबाच धरलं होतं. गोदाकाठ यांचं वाचून वाटतं, हा वीर असावा. आजी म्हणाल्या, फोनवर नाही सांगत, रविवारी येते. तोवर पाटीवर एका नावापुरती जागा मोकळी ठेवली आहे.